शिसं किती कठीण असावं

अमेरिकेत पिस्तुलाच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घरच्या घरी ओतणारे नेमबाज पुष्कळ आहेत. गॅरेजच्या एका कोपऱ्यात विजेवर तापणारं भांडं, दोन पोकळ्यांचा साचा, लाकडी ठोकणी आणि जुन्या शिशाचे तुकडे, एवढ्यावर हा उद्योग चालतो. तांब्याचं कवच चढवलेली कारखान्यातली गोळी महाग पडते. ओतलेली गोळी स्वस्त पडते, शिवाय ती आपल्या हत्याराच्या नळीच्या नेमक्या मापाची करता येते. रायफलीच्या वेगापुढे नुसतं शिसं सहसा टिकत नाही, पण हातातल्या हत्याराचा वेग बेताचा असल्यामुळे तिथे ते आजही चोख काम देतं. या मंडळींत नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माझं शिसं किती कठीण हवं? बहुतेक वेळा त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: जितकं कठीण तितकं चांगलं. त्या उत्तरामुळेच मला हे पुस्तक लिहावंसं वाटलं. ते उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे याचा शोध घेताना धातुशास्त्रातल्या फार सुंदर गोष्टी हाती लागतात.

मराठीत हे कोणासाठी, असा प्रश्न येईल. एक तर धातुशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी. मिश्रधातूचा धडा पोलादापासून सुरू होऊन पोलादापाशीच संपतो, आणि शिशासारखा घरगुती शेगडीवर वितळणारा धातू केवढं शिकवून जातो हे त्यांना कोणी सांगत नाही. दुसरे वाचक म्हणजे परदेशात राहणारे आणि तिथल्या कायद्यात राहून हा छंद करणारे मराठी लोक. तिसरे आपले नेमबाज. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदक जिंकलं. त्या प्रकारात .२२चं काडतूस वापरतात आणि त्यातली गोळी कवच नसलेल्या शिशाचीच असते. आपण रोज जे झाडतो त्याच्या अंगात काय आहे, याचं कुतूहल असलेल्या कोणालाही हा विषय परका वाटू नये.

सुरुवात शुद्ध शिशापासून करू. ते ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, पाण्याच्या अकरा पटींहून थोडं अधिक जड असतं आणि नखाने ओरखडता येतं. हा मऊपणा कुठून येतो याचं एक उत्तर तापमानात आहे. निरपेक्ष मापाने पाहिलं तर शिशाचा वितळणबिंदू ६०० केल्व्हिन आणि आपल्या खोलीचं तापमान ३०० केल्व्हिन. म्हणजे टेबलावर थंड पडलेला शिशाचा तुकडा त्याच्या वितळण्याच्या निम्म्या वाटेवर असतो. लोखंडाला त्याच स्थितीत न्यायचं तर ते सहाशे अंशांच्या पुढे, अंधुक लाल होईपर्यंत तापवावं लागेल. शिशाच्या दृष्टीने आपली खोलीच भट्टी आहे. म्हणून तांब्याची तार वाकवली की ती कडक होत जाते, तसं शुद्ध शिशाचं होत नाही. त्याला ठोकलं, दाबलं तरी आतले स्फटिक तिथल्या तिथे नव्याने बांधले जातात आणि धातू पुन्हा मऊ होतो. जुन्या इमारतींवरचे शिशाचे पत्रे स्वतःच्या वजनाने शतकभरात खाली ओघळलेले दिसतात, तेही याच कारणाने. ब्रिनेल मापात (ते कसं घेतात हे पुढे येईलच) शुद्ध शिशाचा कठीणपणा साधारण ५ भरतो.

या मऊ धातूला अंग देणारे तीन सोबती आहेत: कथील, अँटिमनी आणि अगदी चिमूटभर आर्सेनिक.

कथील आपल्या ओळखीचं. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावतात ती याचीच. २३२ अंशांना वितळणारा हा धातू शिशाला कठीण करतो, पण फारसा नाही. वीस भाग शिशाला एक भाग कथील मिसळलं तर ब्रिनेल १०च्या आसपास जातो, आणि दहाला एक केलं तरी साडेअकराच्या पुढे फारसा सरकत नाही. कथील महाग असल्याने कठीणपणासाठी ते वापरणं म्हणजे पैसा ओतणं. त्याचं खरं काम दुसरं आहे. वितळलेल्या शिशाचा पृष्ठताण ते कमी करतं, त्यामुळे धातू साच्याच्या बारीक कोपऱ्यांत शिरतो आणि गोळीच्या पट्ट्या, खाचा, बुडाची कड धारदार उठते. दोन टक्के कथील घातलेलं आणि न घातलेलं शिसं एकाच साच्यात ओतून पाहिलं की फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. कथिलाची एक खोडही लक्षात ठेवायला हवी. नुसत्या कथील-शिशाची गोळी ठेवून ठेवून किंचित मऊ होते.

अँटिमनी हा खरा कठीण करणारा. तो स्वतः ६३० अंशांना वितळतो, ठिसूळ असतो, हातोडा मारला की चुरा होतो. तरी ११ टक्क्यांच्या आसपास शिशात मिसळला तर दोघं मिळून २५२ अंशांनाच वितळतात, म्हणजे दोघांच्याही एकेकट्या वितळणबिंदूंच्या खाली. असा मिश्रधातू गोठताना शिशाने भरलेले आणि अँटिमनीने भरलेले थर एकमेकांत विणले जातात. अशा मिश्रधातूचा तुकडा घासून, चकाकी आणून, सौम्य आम्लाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की करड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या काड्या विखुरलेल्या दिसतात. त्या काड्या म्हणजे अँटिमनी. शिशाचे थर एकमेकांवरून घसरू पाहतात तेव्हा या काड्या आडव्या येतात, आणि यालाच आपण कठीणपणा म्हणतो. अँटिमनी प्रमाणाबाहेर वाढला की याच काड्या जाड होतात, धातू कडक होतो खरा, पण आघाताने तडकतो. कथील आणि अँटिमनी दोन्ही असतील तर ते आपसांत एक संयुग करतात आणि धातू कठीण असूनही चिवट राहतो. ९० भाग शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी हा लायमन कंपनीचा दुसऱ्या क्रमांकाचा मिश्रधातू गोळ्या ओतणाऱ्यांत कित्येक पिढ्या प्रमाण मानला गेला, तो याच समतोलासाठी. त्याचा ब्रिनेल १५च्या घरात असतो.

आता या सगळ्यातली माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट. २५२ अंशांना घट्ट शिशात साडेतीन टक्क्यांपर्यंत अँटिमनी विरघळू शकतो. खोलीच्या तापमानाला मात्र पाव टक्क्याच्या आसपासच मावतो. गोळी हळूहळू थंड झाली तर उरलेला अँटिमनी सवडीने बाहेर पडतो आणि मोठे, विरळ कण करून बसतो. पण साच्यातून निघालेली तप्त गोळी थेट पाण्याच्या बादलीत पडली तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो शिशात अडकून राहतो. मग पुढच्या काही तासांत आणि दिवसांत, टेबलावर पडल्या पडल्या, तो अतिसूक्ष्म कणांच्या रूपात डोकं वर काढू लागतो, आणि हे दाट विखुरलेले कण शिशाची घसरण मोठ्या कणांपेक्षा कितीतरी चांगली रोखतात. पोलादाला पाणी दिलं की ते त्याच क्षणी कडक होतं. शिसं पाण्यातून मऊच बाहेर येतं आणि दोन दिवसांनी कडक झालेलं आढळतं. आर्सेनिकाचा अंश इथे उपयोगी पडतो. टक्क्याचा एक लहानसा हिस्सा असला तरी या क्रियेला जोर येतो, आणि तो नसला तर पाण्याचा परिणाम पुष्कळच फिका पडतो. गाडीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावतात त्या जुन्या शिशाच्या वजनांत तीन-चार टक्के अँटिमनी, थोडं कथील आणि आर्सेनिकाचा लेश असे. तो धातू हवेत थंड झाला तर ब्रिनेल १० ते १२, पाण्यात टाकला तर २०च्या वर. धातू तोच, किंमत तीच, फरक एका बादलीचा.

हा कठीणपणा कायमचाही नसतो. खोलीचं तापमानच शिशाला भट्टीसारखं असल्याने आतले सूक्ष्म कण महिन्यांमागून महिने मोठे होत जातात आणि गोळी हळूहळू मऊ पडत जाते. आणखी एक गंमत म्हणजे पाण्यात टाकलेली गोळी नंतर मापाच्या साच्यातून दाबून काढली तर तिचा पृष्ठभाग मऊ होतो. बहुतेक धातू दाबल्याने कडक होतात, हा उलटा वागतो. म्हणून जाणते लोक गोळी आधी मापाला आणतात, मग भट्टीत तापवून पाण्यात टाकतात.

ओहायोत राहणाऱ्या माझ्या आतेभावाकडे मी हे ओतकाम जवळून पाहिलं. भांड्यातला धातू ३७० अंशांच्या आसपास होता, वरून आरशासारखा चकचकीत. पहिल्या चार-पाच गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, कडा गोलसर. साचा अजून थंड होता. त्याने त्या निमूट भांड्यात परत टाकल्या. साचा तापल्यावर गोळ्या स्वच्छ येऊ लागल्या. ओतण्याच्या छिद्रावर उरलेला धातूचा थेंब आधी ओला चमकतो, मग एकाएकी त्यावरून एक झाक सरकते आणि तो निस्तेज होतो. त्या क्षणापासून आणखी दोन-तीन सेकंद थांबायचं आणि मग लाकडी ठोकणीने वरची पट्टी सरकवून तो थेंब कापायचा. घाई केली तर गोळीच्या बुडाला खड्डा पडतो. बूड वाकडं असलेली गोळी कितीही कठीण असली तरी नेमावर जात नाही, कारण नळीतून सुटताना मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि तिला ढकलून देतो. आतेभाऊ प्रत्येक गोळीचं नाक न पाहता बूड पाहत होता. कठीणपणाबद्दल तो दिवसभरात एक शब्दही बोलला नाही.

कठीणपणाचा आकडा येतो कुठून हेही पाहायला हवं. योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली आपली पद्धत जगासमोर मांडली. कडक गोलक ठरावीक भाराने धातूवर दाबायचा, उमटलेल्या खळग्याचं माप घ्यायचं, आणि भाराला खळग्याच्या क्षेत्रफळाने भागायचं. पोलादासाठी १० मिलिमीटरचा गोलक आणि ३,००० किलोंचा भार लागतो. शिशासाठी तोच गोलक १०० किलोंनी दाबला तरी पुरतो. शुद्ध शिशावर त्याने जवळजवळ ५ मिलिमीटर व्यासाचा खळगा पडतो, छापखान्यात अक्षरं ओतायला वापरत त्या कडक मिश्रधातूवर अडीच मिलिमीटरहूनही थोडा लहान. घरी ओतणाऱ्यांकडे एवढं यंत्र नसतं. ते स्प्रिंगवर बसवलेला छोटा गोलक अर्धा मिनिट दाबून धरतात आणि लहानशा सूक्ष्मदर्शकातून खळगा मोजतात. काही जण चित्रकाराच्या पेन्सिली वापरतात. मऊपासून कडक अशा क्रमाने एकेक शिसपेन्सिल धातूवर लोटायची आणि कोणती पेन्सिल धातूत रुतते ते पाहायचं. ढोबळ अंदाजाला ही युक्ती उत्तम आहे.

या आकड्यावरून हौशी मंडळींत एक सूत्र फिरत असतं. ब्रिनेलला १,४२२ने गुणा, म्हणजे चौरस इंचाला किती पौंडांचा दाब ही गोळी सोसेल ते कळेल. १,४२२ हा आकडा म्हणजे चौरस मिलिमीटरला एक किलो या मापाचं इंच-पौंडांत रूपांतर, आणखी काही नाही. .३८ स्पेशल काडतुसाचा कमाल दाब १७,००० पौंड, म्हणून त्याला १२ ब्रिनेल हवा. .३५७ मॅग्नमचा ३५,०००, म्हणून त्याला जवळजवळ २५. सूत्र सोपं आहे, आणि त्याच्या सोपेपणानेच लोकांना फसवलं आहे. केंब्रिजचे डेव्हिड टेबर यांनी १९५१ साली धातूंच्या कठीणपणावर जो ग्रंथ लिहिला त्यात त्यांनी दाखवून दिलं की खळग्याचा कठीणपणा धातूच्या खऱ्या नमण्याच्या ताणाच्या सुमारे तिप्पट असतो, कारण गोलकाखालचा धातू आजूबाजूच्या धातूने जखडलेला असतो. त्या हिशेबाने १२ ब्रिनेलची गोळी मोकळी ठेवून दाबली तर चौरस इंचाला पाच-सहा हजार पौंडांतच नमू लागेल. मग १७,००० पौंडांखाली ती टिकते कशी? टिकते, कारण नळीत ती मोकळी नसते. चहूबाजूंनी पोलाद असतं, पुढे सरकण्याखेरीज तिला जायला जागाच नसते. शिवाय चाचणीत आपण अर्धा मिनिट दाबतो, आणि नळीतला सगळा प्रवास एक हजारांश सेकंदाच्या आसपास आटोपतो. शिसं हळू दाबलं तर मऊ वागतं, एकदम दाबलं तर पुष्कळ कडक. टेबलावरचा आकडा आणि नळीतली गोळी यांच्यात एवढं अंतर आहे. दोन मिश्रधातूंची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, आणि मी स्वतः तो तेवढ्यापुरताच वापरतो.

मग गोळी बिघडते कशाने? ओतणाऱ्यांच्या तोंडी सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे नळीत शिसं धरणं. चारपाच डझन गोळ्या झाडल्या की नळीच्या आत कोरलेल्या पिळदार आट्यांवर शिशाची पुटं चढतात, नेम फाकतो, आणि ती पुटं खरवडून काढण्यात संध्याकाळ जाते. सगळे म्हणतात, धातू मऊ होता, घासला गेला. कधी कधी ते खरं असतं. पण बहुतेक वेळा दोष मापाचा असतो. गोळी नळीच्या खाचांपेक्षा केसभर बारीक असली तर पेटलेल्या दारूचा तप्त वायू त्या फटीतून पुढे धावतो, गोळीची कड वितळवून, कापून नेतो आणि ते शिसं पुढे नळीवर फवारतो. हा केस किती बारीक? एका इंचाचा हजारावा भाग, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा हिस्सा. .३८च्या हत्यारासाठी साधारण .३५८ इंचाची गोळी घेतात. तीच .३५६ झाली की गडबड सुरू.

इथे मऊपणाचं खरं मोल कळतं. मागून दाब आला की मऊ गोळीचं बूड किंचित फुगतं आणि बाटलीत दाबून बसवलेल्या बुचासारखं नळी बंद करतं. फ्रान्सच्या क्लोद-एतियेन मिनिये यांनी १८४९ साली जी लांबट, पोकळ बुडाची गोळी आणली ती सर्वस्वी याच गुणावर उभी होती. ती नळीच्या तोंडातून सहज खाली उतरायची आणि झाडल्यावर तिचं बूड फुगून आट्यांत बसायचं. म्हणून ती शुद्ध मऊ शिशाचीच हवी. ब्रिटिशांची १८५३ची एनफिल्ड रायफलही त्याच तत्त्वावर चाले, आणि तिच्या काडतुसाला वंगण लागे. ते वंगण गाई-डुकरांच्या चरबीचं असल्याच्या बातमीने १८५७च्या जानेवारीत दमदमच्या छावणीत काय पेटलं हे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. वंगण नसतं तर मऊ शिसं नळीत टिकलं नसतं, ही त्या इतिहासाची धातुशास्त्रीय बाजू. आजचे ओतणारे मधमाश्यांचं मेण आणि अॅलॉक्स नावाचं औद्योगिक वंगण निम्मं-निम्मं मिसळून गोळीच्या खाचेत भरतात.

फार कठीण गोळी नेमकी इथेच हरते. छापखान्याच्या धातूची २२ ब्रिनेलची गोळी कमी दाबाच्या काडतुसात घातली तर तिचं बूड फुगत नाही, फट तशीच राहते, वायू निसटतो आणि नळीत शिसं धरतं. बिचारा नेमबाज म्हणतो, अजून कठीण धातू हवा. तो अधिक कठीण धातू आणतो आणि आजार वाढवतो. उलट उदाहरण ओहायोतल्याच कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या परंपरेतलं आहे. तिथे .३८ स्पेशलची १४८ ग्रेनची, सपाट नाकाची, पोकळ बुडाची गोळी वर्षानुवर्षं अचूकतेचा मानदंड होती. ती शुद्ध शिशापेक्षा जेमतेमच कडक असते, आणि ५० यार्डांवर तिने केलेले गट पाहून कवचवाल्या गोळीने मान खाली घालावी. मात्र तिचा वेग सेकंदाला सातशे-आठशे फुटांतच ठेवायचा. जोर वाढवला तर तिचं पातळ बूड फाटतं.

जास्त दाबाच्या टोकाला १९३५चं .३५७ मॅग्नम आहे. स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी ते बाजारात आणलं तेव्हा कारखान्याची पहिली काडतुसं साध्या शिशाच्या गोळीची होती, वेग सेकंदाला १,५०० फुटांच्या घरात सांगितला जाई, आणि त्यांनी नळ्या शिशाने अशा माखल्या की त्या तक्रारी आजही लोक सांगतात. अशा दाबाला कठीण धातू हवा हे मला पूर्ण मान्य आहे. तिथे बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवण्याची जुनी युक्तीही कामाला येते. आणि तरीही आयडाहोचा एल्मर कीथ डोळ्यांसमोर येतो. गुरं हाकणारा, शिकार करणारा, आणि .४४च्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याच्या कुवतीबाहेरची दारू भरून प्रयोग करणारा हा माणूस. त्याच्या आग्रहातून १९५५च्या अखेरीस .४४ मॅग्नम जन्माला आलं. मोठ्या दाबासाठी त्याची शिफारस काय होती? सोळा भाग शिसं, एक भाग कथील. ब्रिनेल जेमतेम ११. मघाच्या सूत्राप्रमाणे ही गोळी १६,००० पौंडांच्याही आत संपायला हवी, आणि .४४ मॅग्नमचा कमाल दाब ३६,०००. कीथचं काम चाललं, कारण त्याने स्वतः आखलेल्या गोळीला रुंद पट्ट्या होत्या, वंगणाची खाच खोल होती, आणि गोळी सिलिंडरच्या तोंडात चपखल बसायची.

सिलिंडरचं तोंड हा मुद्दा मी पुस्तकात पुन्हा पुन्हा आणला आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी आधी सिलिंडरमधल्या घरातून सुटते आणि मग नळीत शिरते. ती घरं नळीपेक्षा अरुंद असली तर गोळी नळीत शिरण्याआधीच दाबली जाऊन बारीक होते. मग तुम्ही कितीही मापाची गोळी घाला, नळीत ती सैलच पोचते. अशा हत्यारात कठीण धातूने उलट नुकसान होतं, कारण बारीक झालेली कठीण गोळी पुन्हा फुगत नाही. सहाच्या सहा घरं एका मापाची असतात असंही गृहीत धरू नये.

धातू मिळवायचा कुठून, हा प्रश्न आता अवघड होत चालला आहे. ओतणाऱ्यांचा लाडका कठीण धातू छापखान्यातून येई. ओटमार मर्गेंथालरचं लायनोटाइप यंत्र १८८६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये सुरू झालं. त्याला पटकन वितळणारा, पटकन गोठणारा धातू हवा होता: ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. २४० अंशांच्या आसपास तो एकदम वितळतो आणि एकदम गोठतो. आपल्याकडे जावजी दादाजी चौधरी यांनी मुंबईत १८६४ साली छपाईचे खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला. देवनागरी खिळेही याच तीन धातूंतून घडत, फक्त सुट्या खिळ्यांत अँटिमनी पुष्कळ जास्त, कधी कधी चौथ्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे हजारो वेळा कागदावर दाबूनही अक्षराची कड झिजू नये. ज्या गुणाने वेलांटी ठसठशीत उमटत राहते त्याच गुणाने कमी दाबाची गोळी नळीत सैल राहते. हा विरोधाभास मला फार शिकवून गेला. न्यूयॉर्क टाइम्सने २ जुलै १९७८ रोजी तप्त धातूवरचा शेवटचा अंक काढला, पुढे जगभरचे छापखाने त्याच वाटेने गेले आणि तो धातू दुर्मीळ झाला. चाकांच्या वजनांचंही तेच. युरोपीय संघाने २००५पासून आणि कॅलिफोर्नियाने २०१०पासून शिशाच्या वजनांना मनाई केली. त्यांच्या जागी आलेली जस्ताची वजनं भांड्यात पडली तर धातू लापशीसारखा होतो आणि साच्यात शिरत नाही. जस्त ४२० अंशांच्या जवळ वितळतं, म्हणून भांडं त्याच्या बरंच खाली ठेवायचं आणि वर तरंगणारे तुकडे लगेच काढून टाकायचे.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. शिसं विष आहे. या तापमानाला त्याची वाफ थोडीच होते, पण वरची राखट मळी, हाताला लागलेली पूड, कपड्यांवरून घरात गेलेली धूळ यांतून ते पोटात जातं, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ साली मुलांच्या रक्तातली दखल घेण्याची पातळी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. घरात लेकरं असतील तर स्वयंपाकघरात हे काम कधीही करू नये, काम झाल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय पाण्याच्या पेल्यालाही शिवू नये. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी वाफेचा स्फोट होऊन धातू तोंडावर उडतो, म्हणून बादली भांड्यापासून दूर. गाडीच्या जुन्या बॅटरीतलं शिसं तर घेऊच नये. त्यातल्या कॅल्शियमची आणि अँटिमनी-आर्सेनिकाची मळी दमट झाली की अत्यंत विषारी वायू सुटतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने स्वतःच्या वापरापुरता दारूगोळा बनवायला परवाना लागत नाही, विक्रीसाठी लागतो. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ आहे, आणि त्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गंभीर गुन्हा आहे. भारतात राहणाऱ्या वाचकाने हे पुस्तक धातूच्या अभ्यासासाठी वाचावं. त्यातले सगळे प्रयोग गोळीच्या साच्याशिवाय, साध्या वडीवर करता येतात. पाण्यात टाकलेल्या आणि हवेत थंड केलेल्या वडीचा कठीणपणा रोज मोजून त्याचा आलेख काढणं हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला करण्यासारखा उत्तम प्रयोग आहे, फक्त तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, वायुवीजनाखाली करावा.

पुस्तकाचा क्रम मी मुद्दाम उलटा लावला आहे. या विषयावरची पुस्तकं सहसा मिश्रधातूंच्या तक्त्याने सुरू होतात. इथे पहिली तीन प्रकरणं मोजमापाची आहेत: नळीतून मऊ शिशाचा तुकडा ढकलून खाचांचं माप कसं घ्यायचं, सिलिंडरची सहाही घरं कशी तपासायची, आणि मायक्रोमीटर हातात नीट कसा धरायचा. चौथं बुडाचं, पाचवं वंगणाचं. मिश्रधातू सहाव्या प्रकरणात येतात, आणि कठीणपणाचे तक्ते त्याच्याही मागे, परिशिष्टात.